गांधीजींचे चिटणीस महादेवभाई



बाळाजी आवजी चिटणिसांची एक आख्यायिका महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शिवाजी महाराजांनीं सांगितलेलें पत्र कामाच्या गर्दींत लिहावयाचें राहून गेलें. महाराजांनीं तें वाचून दाखविण्याची आज्ञा केली. बाळाजींनीं कोरा कागद पुढें धरला आणि कोठेंही न अडखळतां सारें पत्र वाचून दाखविलें. ही गोष्ट खरोखर घडली कीं बखरकारांनीं ती मागाहून सजविली, या वादांत आज शिरावयाचें नाहीं. चिटणिसाच्या पेशाविषयीं लोकांची काय कल्पना होती तें तींतून उत्तम कळतें. ज्याला धन्याचें मन कागदाशिवाय वाचतां येतें, तो खरा चिटणीस. पण दुसऱ्याचें मन आठौ प्रहर असें आपल्या मनांत वागविणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या मनाचें पुढें काय होतें, हें मात्र बखर सांगत नाहीं. बाळाजींच्या बाबतींत तें कळण्याला आतां मार्ग नाहीं. आपल्या अगदीं जवळच्या काळांतील एका चिटणिसाविषयीं मात्र तें पुष्कळ कळतें, कारण त्यानें पंचवीस वर्षें दैनंदिनी लिहून ठेविली. ते चिटणीस म्हणजे महात्मा गांधींचे महादेवभाई देसाई.

महादेवभाईंचा जन्म १ जानेवारी १८९२ रोजीं सुरत जिल्ह्यांतील सरस या खेड्यांत झाला. वडील हरिभाई हे शिक्षक. घरची स्थिति बेताचीच. पण मुलगा बुद्धीचा तल्लख निघाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून १९१० सालीं ते बी. ए. झाले आणि १९१३ सालीं एल्‌एल्‌. बी. झाले. कायद्याचा अभ्यास चालू असतां सरकारच्या ओरिएंटल ट्रान्स्लेटरच्या कचेरींत त्यांनीं नोकरी केली. पुढें अहमदाबादेस कांहीं काळ वकिली केली; तींत मन रमेना, तेव्हां सहकारी बँकेच्या निरीक्षकाचें काम पत्करलें. याच सुमारास फॉर्बस गुजराती सभेनें लॉर्ड मोर्ले यांच्या 'ऑन काँप्रमाइज' या ग्रंथाच्या गुजराती भाषांतरासाठीं बक्षीस लाविलें होतें, तें महादेवभाईंनीं मिळविलें. मोर्ले यांचें इंग्रजी गद्य सोपें नव्हे. वाक्याला वाक्य जोडून तेथें भागत नाहीं. लेखकाच्या विचाराची कड धरूनच चालावें लागतें. पुढील आयुष्यांत जें काम त्यांच्या वांट्यास यावयाचें होतें, त्याची ही एक प्रकारें पूर्वतयारीच झाली.

गांधीजी १९१५ सालीं आफ्रिकेहून परत आले आणि अहमदाबादेजवळ कोचरब येथें त्यांनीं आश्रम काढला. आश्रमाच्या नियमांचा मसुदा त्यांनीं लोकांकडे मत मागण्यासाठीं पाठविला. पुष्कळांनीं स्तुतीच केली असेल. पण महादेवभाई आणि त्यांचे मित्र नरहरि परीख या दोघां तरुण वकिलांनीं मिळून मसुद्यावर टीका लिहून पाठविली. गांधीजींनीं त्यांना बोलावून घेतलें, त्यांचे आक्षेप एकेक करून ऐकले व आपलें म्हणणें समजावून दिलें. पहिली भेट झाली ती अशी, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पुढें ज्याला लोक गांधीजींची सावली म्हणूं लागले, तो मनुष्य प्रथम त्यांच्या दारीं आला तो टीकाकार म्हणून.

ता. ३१ ऑगस्ट १९१७ रोजीं गांधीजींनीं महादेवभाईंपाशीं मन मोकळें केलें. आपलें काम ज्याच्या हातीं सोंपवितां येईल असा माणूस आपण दोन वर्षें शोधीत होतों व तो आतां सांपडला, असें त्यांनीं सांगितलें. असे शब्द आपण यापूर्वीं तिघांविषयींच काढले असल्याचेंही ते म्हणाले. तीं नांवें म्हणजे आफ्रिकेंतील सहकारी पोलक, तेथील त्यांची चिटणीस कुमारी श्लेसिन आणि पुतणे मगनलाल गांधी. महादेवभाईंनीं ही हकीकत लागलीच नरहरिभाईंना पत्रानें कळविली, म्हणून ती आज आपल्याला ठाऊक आहे. वडिलांना हा बेत मुळींच रुचला नाहीं. खस्ता खाऊन शिकविलेला मुलगा हातची मिळकत सोडून फकिरी घेणार, हें कोणत्या शिक्षकाला रुचेल? अखेर त्यांनीं आशीर्वाद दिला. नोव्हेंबर १९१७ मध्यें गोध्रा येथील राजकीय परिषदेच्या वेळीं महादेवभाई पत्नी दुर्गाबेन यांच्यासह गांधीजींना येऊन मिळाले आणि तेथून उभयतां चंपारण्यास गेलीं. चंपारण्यांत निळीच्या मळेवाल्यांच्या जुलुमाखालीं दबलेल्या रयतेच्या मुलांसाठीं शाळा चालल्या होत्या. दुर्गाबेन त्या शाळांत शिकवूं लागल्या. मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले आणि पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन या आपल्याकडील दोन स्त्रियाही तेथें याच कामाला गेल्या होत्या.

१३ नोव्हेंबर १९१७ पासून दैनंदिनीला प्रारंभ झाला. तेव्हांपासून गांधीजी कोणाशीं काय बोलले, कोणास काय लिहिलें, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिलें, हें सारें या गृहस्थानें जवळजवळ रोज लिहून ठेविलें. लघुलिपीचा आधार न घेतां साध्या लेखणीनें, रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत, सभेच्या व्यासपीठाच्या कोपऱ्यांत, मांडीवर कागद धरून हें लिहिणें चाले. हातीं फुरसत मिळाली कीं तींच टिपणें झाडून लिहावयाचीं. शिवाय पत्रव्यवहार, भेटीस येणाऱ्यांची व्यवस्था, वर्तमानपत्रें वाचून त्यांतील सार सांगणें, साप्ताहिकासाठीं लेख, गुजरातीचें इंग्रजी, इंग्रजीचें गुजराती. मोठ्या कचेरींत या कामांना पांच-सहा माणसें नेमलीं असतीं.

पण त्यांना नुसते लेखनिक म्हणणें चूक होईल. १९२१ सालीं गांधीजींनीं त्यांना अलाहाबादेस पंडित मोतीलाल नेहरूंच्या 'इंडिपेंडंट' या वर्तमानपत्राच्या मदतीस पाठविलें. डिसेंबरांत सरकारनें पत्राचा छापखाना हिरावून घेतला. महादेवभाईंनीं हातानें मजकूर लिहून, त्याच्या चक्रमुद्रित प्रति काढून पत्र चालूच ठेविलें. त्याबद्दल त्यांना एक वर्षाची सक्तमजुरीची शिक्षा झाली. गांधीजी तेव्हां शेंकडों मैल दूर होते. स्वतःच्या अकलेवर व स्वतःच्या छातीवर केलेलें असें हें काम होतें.

तसेंच बारडोलीचें. १९२८ सालच्या बारडोली सत्याग्रहाची हकीकत महादेवभाईंनीं इंग्रजींत सविस्तर लिहिली व ती १९२९ सालीं पुस्तकरूपानें निघाली. पण या पुस्तकाचा लेखक केवळ पाहुणा बातमीदार नव्हता. सरकारनें सारावाढीच्या चौकशीसाठीं ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची समिति नेमली, तेव्हां शेतकऱ्यांची बाजू मांडण्याच्या कामांत महादेवभाई व नरहरिभाई होते. गांवोगांव फिरावयाचें, जमिनीच्या विक्रीचे व खंडाचे आंकडे ताडून पाहावयाचे, सरकारी अहवालांतील चुका काढून दाखवावयाच्या, असें तें किचकट काम होतें. बावीस टक्क्यांची वाढ अखेर सहा टक्क्यांच्या आसपास येऊन थांबली. ज्या वकिलीला ते कंटाळले होते तिची विद्या अखेर अशी कामास आली.

आतां भाषांतराविषयीं थोडें बोललें पाहिजे, कारण माझ्या मतें महादेवभाईंची खरी थोरवी तेथें आहे. गांधीजींचें आत्मचरित्र मूळ गुजराती. तें 'नवजीवन' साप्ताहिकांत प्रकरणशः येऊं लागलें आणि त्याबरोबर 'यंग इंडिया'मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतर येत गेलें. शेवटच्या भागांतील कांहीं प्रकरणें प्यारेलाल यांनीं इंग्रजींत आणलीं. बाकीचें भाषांतर महादेवभाईंचें. पहिला खंड १९२७ सालीं व दुसरा १९२९ सालीं निघाला. साऱ्या जगानें गांधीजींचें चरित्र वाचलें तें या इंग्रजींत. इतर कित्येक भाषांतील भाषांतरेंही त्यावरूनच झालीं. परदेशांतील वाचकाला जो साधा, मोजका, कांहींसा कोरडा वाटणारा गांधीजींचा स्वर ऐकूं येतो, तो सुरतेकडील या मास्तरांच्या मुलाच्या कानानें पारखलेला आहे. १९४० सालीं आवृत्ति काढतांना भाषा पुन्हा तपासली गेली. तपासणाऱ्या विद्वानानें आपलें नांव छापूं नये अशी अट घातली होती. ते गृहस्थ म्हणजे नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री, हें मागाहून कळलें. एका पुस्तकाच्या इंग्रजीसाठीं इतकीं माणसें पडद्याआड राबलीं!

एक आठवण अशी सांगितली जाते कीं, महादेवभाईंनीं साप्ताहिकासाठीं एक लेख लिहून त्याखालीं आपल्या नांवाचीं आद्याक्षरें 'एम्‌. डी.' अशीं घातलीं. गांधीजींनीं लेख वाचला, त्यांतील एक अक्षर खोडलें आणि तेथें 'एम्‌. के. जी.' असें केलें. मजकुरांत बदल कांहींच नाहीं. बाळाजींच्या कोऱ्या कागदाची ही उलट बाजू झाली. तेथें महाराजांचें पत्र चिटणिसाच्या तोंडून बाहेर पडलें. येथें चिटणिसाचा लेख महात्म्याच्या नांवावर गेला. महादेवभाईंना याचें वाईट वाटलें असेल असें मला वाटत नाहीं. पण इतिहासाच्या अभ्यासकानें मात्र या गोष्टीचा विचार अवश्य करावा.

१९३१ सालीं गोलमेज परिषदेसाठीं ते गांधीजींबरोबर विलायतेस गेले. परत येऊन थोडेच दिवस झाले तों पुन्हा धरपकड सुरू झाली आणि १० मार्च १९३२ रोजीं महादेवभाईंना पुण्याच्या येरवडा तुरुंगांत गांधीजी व सरदार वल्लभभाई यांच्यापाशीं आणून ठेवण्यांत आलें. येथील दैनंदिनी ही मला त्यांच्या साऱ्या लेखनांत सरस वाटते. बाहेरची धांवपळ थांबलेली. तीन माणसें, एक अंगण आणि रोजची टपाल. सरदार रद्दी कागदांचीं पाकिटें करीत, संस्कृताचे पाठ घेत आणि गांधीजींच्या सोड्याच्या आवडीवर कोटी करीत. कोणतीही अडचण निघाली कीं 'सोडा घाला' हा त्यांचा उपाय ठरलेला. हें सारें महादेवभाईंनीं टिपून ठेविलें आहे. आणि त्याच पानांत त्या वर्षींच्या मोठ्या वादळाची नोंदही आहे. ते आले त्याच्या दुसऱ्याच दिवशीं, ११ मार्चला, गांधीजींनीं भारतमंत्री सर सॅम्युएल होअर यांना पत्र लिहून कळविलें कीं, अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिल्यास आपण प्राणान्त उपोषण करूं. १८ ऑगस्टला मुख्य प्रधान मॅक्डोनल्ड यांना पत्र गेलें, २० सप्टेंबरला उपोषण सुरू झालें आणि २४ सप्टेंबरला पुणें करार झाला.

त्या दिवसांचा इतिहास लिहिणारास महादेवभाईंच्या दैनंदिनीवांचून चालावयाचें नाहीं. तरीही येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. दैनंदिनी कितीही प्रामाणिक असली तरी ती तुरुंगाच्या एका खोलींतून पाहिलेलें जग दाखविते. डॉक्टर आंबेडकरांवर त्या आठवड्यांत केवढें दडपण आलें होतें, हें समजून घ्यावयाचें असेल तर डॉक्टरसाहेबांचेच ग्रंथ उघडले पाहिजेत. चिटणिसाला धन्याचें मन दिसतें. समोरच्या पक्षाचें मन त्याला तितकेंसें दिसत नाहीं. महादेवभाई त्याला अपवाद नव्हते.

१९३३ सालीं पुन्हा शिक्षा झाली, ती त्यांनीं बेळगांवच्या तुरुंगांत भोगली. या काळांत हातांत वेळ होता आणि गांधीजी जवळ नव्हते. त्या वेळांत या माणसानें काय केलें? गांधीजींच्या 'अनासक्तियोग' या गीतेवरील पुस्तकाचें इंग्रजी केलें! पण त्याला त्यांनीं स्वतःची एक दीर्घ प्रस्तावना जोडली. तींत उपनिषदांपासून पाश्चात्य तत्त्वज्ञांपर्यंतचें त्यांचें वाचन दिसतें. लोकमान्यांनीं मंडाल्याच्या तुरुंगांत गीतारहस्य लिहिलें, त्या ग्रंथाची पार्श्वभूमि असणाऱ्या आपल्या वाचकानें ही प्रस्तावना अवश्य पाहावी. महादेवभाई स्वतंत्र ग्रंथकार झाले असते तर कसे झाले असते, याची कल्पना त्या पानांवरून येते. हें पुस्तक त्यांच्या हयातींत छापून निघालें नाहीं. तें १९४६ सालीं प्रसिद्ध झालें.

एप्रिल १९३६ अखेर गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगांवांत राहावयास गेले. याच गांवाचें नांव पुढें सेवाग्राम झालें. तेथें माणसांची गर्दी नको अशी त्यांची इच्छा. म्हणून महादेवभाईंचें बिऱ्हाड वर्ध्यास मगनवाडींतच राहिलें आणि ते कामासाठीं रोज सेगांवला पायीं जाऊं लागले. अंतर सुमारें पांच मैल. वर्ध्याचा उन्हाळा ज्यांनीं सोसला आहे त्यांना अधिक सांगावयास नको. कधीं कधीं एका दिवसांत दोन खेपा कराव्या लागत. आल्यावर 'हरिजन' साप्ताहिकाचें काम असेच. रक्ताचा दाब वाढला, भोंवळ येऊं लागली, डॉक्टरांनीं विश्रांति सांगितली. ती फारशी लाभली नाहीं.

अशा स्थितींत मार्च १९३८ मध्यें पुरीचा प्रसंग घडला. ओरिसांत डेलांग येथें गांधी सेवा संघाची बैठक होती. जवळच जगन्नाथपुरी. तेथील मंदिरांत हरिजनांना प्रवेश नव्हता, आणि जेथें हरिजनांना प्रवेश नाहीं तेथें आपणही जावयाचें नाहीं असा गांधीजींचा निर्धार सर्वश्रुत होता. तरी कस्तुरबा, दुर्गाबेन आणि आणखी एक आश्रमवासी स्त्री यात्रेला म्हणून पुरीला गेल्या व मंदिरांत दर्शन घेऊन आल्या. ही गोष्ट कळल्यावर गांधीजींना अतिशय दुःख झालें. त्यांचाही रक्तदाब चढला. त्यांनीं मुख्य दोष दिला तो महादेवभाईंना. या स्त्रियांना त्या तत्त्वाचें महत्त्व आपण समजावून दिलें नाहीं, सहवासांत राहूनही त्यांना मागेंच ठेवलें, हा तुमचा अपराध, असें त्यांचें म्हणणें.

महादेवभाईंच्या मनाला हा घाव फार लागला. एकीकडे एकवीस वर्षांचें दैवत, दुसरीकडे पत्नी. दुर्गाबेननीं या माणसासाठीं आणि त्याच्या दैवतासाठीं संसाराचें सर्व सुख बाजूला ठेविलें होतें. देवदर्शनाची त्यांची श्रद्धा ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे असें महादेवभाईंना मनापासून वाटलें असेल काय? त्यांनीं गांधीजींना लिहून आपल्याला सोडून देण्याची विनंति केली. गांधीजींनीं ती नाकारली. तुमच्यासारख्या भक्ताच्या चुका सोसणें मला अधिक पसंत आहे, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें. मग महादेवभाईंनीं ही सारी हकीकत 'हरिजन'मध्यें स्वतः लिहिली. आपला मनस्तापही त्यांनीं तींत झांकला नाहीं.

हें सारें प्रकरण वाचतांना माझें मत गांधीजींच्या बाजूनें पडत नाहीं, हें स्पष्ट सांगतों. तत्त्व निःसंशय बरोबर होतें. ज्या दारीं हरिजनाला बंदी त्या दारीं जाऊं नये, हें कोण नाकारील? पण वर्षानुवर्षें पहाटेपासून रात्रीपर्यंत ज्याचा प्रत्येक तास आपणच घेतला, त्याला 'घरांत शिकवण्यास वेळ का दिला नाहीं' असें विचारणें कठोर होतें. आणि तरीही महादेवभाई राहिले. ते नुसत्या आज्ञाधारकपणानें राहिले असें मात्र मी म्हणणार नाहीं. आपल्या धन्याचा कठोरपणा आणि आपलें दुःख हीं दोन्हीं धन्याच्याच पत्रांत छापून जो लोकांपुढें मांडतो, त्याचें मन कोऱ्या कागदासारखें खास नव्हतें.

१९४२ सालची गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांना वाचून ठाऊक आहे. ८ ऑगस्टला मुंबईस गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटे बिर्ला हाउसमध्यें गांधीजी, महादेवभाई व मीराबेन यांना पकडण्यांत आलें. आगगाडीनें चिंचवडपर्यंत आणि तेथून मोटारीनें पुण्यास आगाखान राजवाड्यांत त्यांना नेऊन ठेविलें. सरोजिनी नायडूही तेथें होत्या. लौकरच कस्तुरबा व डॉ. सुशीला नय्यर यांनाही तेथें आणलें. महादेवभाईंच्या मनाला एकच घोर लागला होता : या वेळीं गांधीजी उपोषण करतील आणि त्यांत त्यांचा अंत होईल. १५ ऑगस्टच्या सकाळीं तुरुंगांचे मुख्य अधिकारी भेटीस आले असतां सरोजिनीबाईंच्या खोलींत त्यांच्याशीं बोलतां बोलतां महादेवभाईंना भोंवळ आली व ते कोसळले. सुशीलाबाई धांवत आल्या, नाडी लागेना. गांधीजी आले व 'महादेव, महादेव' अशी हांक मारीत राहिले. पंचवीस वर्षांत या माणसानें आपली हांक कधीं मोडली नाहीं. एकदां डोळे उघडून त्यानें आपल्याकडे पाहिलें तर तो उठेल, असें त्यांना वाटत होतें. महादेवभाईंचें वय पन्नास वर्षांचें होतें.

गांधीजींनीं स्वतःच्या हातानें मृत देहाला स्नान घातलें आणि राजवाड्याच्या आवारांतच अग्नि दिला. बाहत्तर वर्षांच्या पित्यानें मुलाचें करावें तसें तें केलें. पुढें जवळजवळ दोन वर्षें त्या जागीं फुलें वाहून येण्याचा त्यांचा नेम चालू होता. कस्तुरबा त्या जागेला शंकर-महादेवाचें मंदिर म्हणत. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं त्यांनीं देह ठेविला, तेव्हां त्यांनाही त्याच मंदिराशेजारीं अग्नि देण्यांत आला. ६ मे १९४४ रोजीं गांधीजी सुटले. निघण्यापूर्वीं ते त्या दोन्हीं समाधींपाशीं गेले होते.

दैनंदिनीची शेवटची नोंद १४ ऑगस्ट १९४२ ची आहे. चिटणिसाचें काम पुढें प्यारेलाल यांच्याकडे गेलें. दैनंदिनीच्या वह्या नरहरिभाईंनीं संपादण्यास घेतल्या. १९१५ सालीं ज्याच्या जोडीनें टीकेचें पत्र लिहिलें, त्याच मित्राच्या हातीं त्या आल्या. साहित्य अकादमीनें १९५५ सालीं प्रथमच पुरस्कार दिले, तेव्हां गुजरातीचा पुरस्कार 'महादेवभाईनी डायरी' या ग्रंथाला मिळाला. ग्रंथावर या वेळीं नांव महादेवभाईंचें होतें.